फटाक्याचा आवाज कोठे बांधला जातो?

स्मृतिव्याख्यानाच्या या पुस्तिकेत व्याख्यानासोबत एखादा विज्ञानविषयक लेख असावा, अशी आपल्या शाळेची प्रथा आहे. यंदा मी फटाका हा विषय घेतल्याचे कळताच एका शिक्षकमित्राने विचारले, "त्यात समजावून सांगण्यासारखे काय आहे? वात पेटवावी, मागे पळावे आणि कान झाकावेत." दिवाळीपुरता विचार केला तर त्यांचे म्हणणे खरे आहे. तथापि बालाघाट जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हा विषय तेवढ्यावर सोडता येत नाही. शहराजवळच्या खैरी या गावी फटाक्यांच्या कारखान्यात ७ जून २०१७ रोजी दुपारी स्फोट झाला आणि त्यात वीसहून अधिक माणसे दगावली. मृतांत काम करणाऱ्या स्त्रियाही होत्या. आदल्याच दिवशी मंदसौरला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला होता. त्यामुळे साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे लागले होते आणि आपल्या जिल्ह्याची ही बातमी लवकरच मागे पडली.

त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, म्हणजे चार महिन्यांहून अधिक दूर. मग ऐन जूनच्या उकाड्यात एवढी माणसे एका ठिकाणी बसून काय करीत होती? या प्रश्नाचे उत्तर फटाक्याच्या घडणीतच सापडते. म्हणून आधी घडणीकडे वळू.

शब्दापासून आरंभ करतो, कारण शब्द पुष्कळ काही सांगून जातो. मराठीत 'दारू' हा शब्द पिण्याच्या पदार्थाला लागतो तसाच बंदुकीच्या पुडीलाही लागतो. मूळ फारसीत त्याचा अर्थ औषध असा आहे. उत्सवात उडविण्याच्या वस्तूंना आपले पूर्वज 'शोभेची दारू' म्हणत. यातील 'शोभेची' हे विशेषण लक्षात घेण्याजोगे आहे. एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'त, म्हणजे सोळाव्या शतकात, लग्नसमारंभातील दारूकामाचे वर्णन आले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी १४०० ते १९०० या काळातील भारतीय दारूकामाचा इतिहास लिहून काढला. त्यात या उल्लेखाची त्यांनी नोंद घेतली आहे. पेशव्यांच्या बखरीतील एक हकीकतही त्यांनी दिली आहे. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत चार दिवस दारूकामाची 'लंका' कशी उभारतात आणि हनुमान ती कशी जाळतो, हे महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना वर्णन करून सांगितले. तेव्हा बाल पेशव्यांनी तसाच देखावा पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी करविला. नळे, चंद्रज्योती, हवया, फुलबाज्या ही सारी नावे डोळ्यांच्या सुखाची आहेत. गर्जना करण्याचे काम तोफेकडे होते आणि ती सलामीला किंवा लढाईला उडे. सामान्य माणसाने आपल्या दारात खिशातील पैशांनी तोफेचा आवाज विकत घ्यावा, ही बरीच अलीकडची गोष्ट होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी फटाक्यांची आयात थांबली आणि तामिळनाडूतील शिवकाशीचा धंदा वाढीस लागला. 'ॲटम बॉम्ब' हे नाव तर १९४५ पूर्वी असणेच शक्य नव्हते. हिरोशिमाचे नाव मुलांच्या खेळण्याला लागावे आणि त्याचे कुणालाच काही वाटू नये, याचे मला आजही नवल वाटते.

आता आवाजाकडे येऊ. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू उघड्या फरशीवर ओतून पेटविली तर ती भस्सकन जळते, धूर होतो, परंतु धडाका होत नाही. तीच दारू एका बाजूस तोंड असलेल्या मातीच्या कुंडीत ठासली की भुईनळा होतो. आपल्याकडच्या हिंदी बाजारात त्याला अनार म्हणतात. तोंड उघडे असल्याने वायू आणि ठिणग्या वर फेकल्या जातात. तीच दारू चोहोबाजूंनी बंद केली म्हणजे मात्र प्रकार बदलतो. जळताना निर्माण झालेल्या वायूला वाट मिळत नाही आणि दाब वाढतो. या दारूचा एक स्वभाव असा, की दाब जितका अधिक तितकी ती अधिक वेगाने जळते. अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. अखेर आवरण फाटते आणि कोंडलेला वायू एकदम बाहेर येऊन भोवतालच्या हवेला धक्का देतो. तो धक्का कानापर्यंत पोहोचला की आपण त्याला आवाज म्हणतो.

याचा अर्थ असा, की या जातीच्या फटाक्यात आवाज जितका दारूत असतो तितकाच आवरणात असतो. आवरण दुबळे असेल तर ते दाब पुरेसा वाढण्याआधीच फाटते आणि फटाका फुसका निघतो. आवरण जितके चिवट तितका धडाका मोठा. सुतळी बॉम्बला (बालाघाटच्या दुकानात 'सुतली बम' मागावा लागतो) सुतळीचे वेढे शोभेसाठी दिलेले नसतात. कागदाच्या लहानशा पुडीत दारू भरून तिच्यावर सुतळी आडवी, उभी, तिरपी अशी ताणून गुंडाळतात आणि खळ किंवा डिंक लावून वाळवितात. वाळल्यावर ते कवच लाकडासारखे टणक होते. गिऱ्हाईक ज्या आवाजाचे पैसे देते, तो आवाज कुणीतरी बसून हातांनी एकेक वेढा ताणून त्या पुडीत बांधलेला असतो.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कागदी नळी रिकामी असताना वळता येते. ते काम दारूपासून दूर, ओसरीवर बसूनही करता येईल. सुतळी मात्र भरलेल्या पुडीवरच गुंडाळावी लागते. म्हणजे गुंडाळणाऱ्याच्या हातात प्रत्येक क्षणी दारू असते आणि त्याच्यापुढे बांधून झालेल्या नगांचा ढीग वाढत जातो. शिवाय या धंद्यात मजुरी बहुधा नगावर मिळते. नगावर मजुरी असली की हात थांबत नाही, माल वेळेवर हलविला जात नाही आणि वाळलेला, ओला, भरलेला असा सर्व माल एकाच छपराखाली साचतो. दिवाळीचा माल दिवाळीत तयार होत नाही. पावसाळ्यात वाळवणीची पंचाईत होते, म्हणून कोरडे दिवस हाती आहेत तोवर जितके नग होतील तितके करून घेण्याकडे धंद्याचा कल असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यातील गर्दीचा उलगडा मला तरी असा होतो.

काळ्या दारूचे इतके सांगितले, परंतु मोठ्या आवाजाच्या आधुनिक फटाक्यात बहुधा निराळे मिश्रण असते. त्यात ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि प्राणवायू पुरविणारे एखादे लवण यांचा संयोग असतो. त्याचा रंग चंदेरी करडा दिसतो. काळी दारू आणि हे मिश्रण यांत फरक आहे तो जातीचा आहे. काळ्या दारूला गरजण्यासाठी कोंडावे लागते. ह्या मिश्रणाचा ढीग विशिष्ट प्रमाणाबाहेर गेला, तर ते कोंडल्यावाचूनही, उघड्यावर, सबंधच्या सबंध एकदम उडते. कारखानदाराच्या दृष्टीने हा गुण आहे, कारण आवरण थोडे हलके असले तरी आवाज मिळतो. कामगाराच्या दृष्टीने हाच दोष प्राणघातक आहे. एक नग चुकून पेटला तर काळ्या दारूच्या खोलीत आग लागते आणि माणसाला दारापर्यंत धावण्याची थोडीफार संधी राहते. या मिश्रणाच्या खोलीत ती संधी नसते. त्याला पेटायला ज्योतच लागते असेही नाही. चाळणीचे घर्षण, कृत्रिम धाग्याच्या कपड्यांवर कोरड्या हवेत साठलेली वीज किंवा फरशीवर पडून चिरडला गेलेला कण एवढेही पुरते. ओलावाही त्याला मानवत नाही. ॲल्युमिनियमची पूड आणि नायट्रेट ओलसर राहिले तर आतल्या आत तापू लागतात. क्लोरेट व गंधक यांची जोडी तर इतकी बेभरवशाची, की तिच्यावर भारत सरकारने १९९२ साली बंदीच घातली.

सुरक्षेचे नियम पाहिले तर ते याच ज्ञानातून आलेले दिसतील. एका खोलीत मोजकीच माणसे असावीत, खोल्या एकमेकींपासून दूर असाव्यात, दारे बाहेर उघडावीत, एका वेळी थोडकेच मिश्रण बाहेर काढावे, झालेला माल तत्काळ गोदामात न्यावा, ही त्यातील मुख्य कलमे. त्यांचे सूत्र असे, की अपघात पूर्णपणे टाळता येईल असे गृहीत धरू नये. तो झालाच तर एका खोलीत थांबावा. भारताचा स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ सालचा आहे आणि त्याखालील सध्याचे नियम २००८ सालचे. एका वेळी १५ किलोपर्यंत दारूकाम करणाऱ्या लहान कारखान्याचा परवाना जिल्हाधिकारी देतात. त्यावरील परवाने केंद्र सरकारच्या स्फोटके-सुरक्षा संघटनेकडून मिळतात आणि तिचे मुख्य कार्यालय आपल्या शेजारच्या नागपुरात आहे. १९५६ पूर्वी नागपूर ही आपल्या राज्याची राजधानी होती, हे ज्येष्ठ वाचकांना आठवत असेल. पंधरा किलो ही मर्यादा ऐकायला लहान वाटते. परंतु वर सांगितलेल्या चंदेरी मिश्रणाच्या बाबतीत पंधरा किलो म्हणजे एक खोली आणि तिच्यातील सर्व माणसे.

आपल्या जिल्ह्याला स्फोटकांचा परिचय नाही असे कोणी म्हणू नये. भरवेली, उकवा, तिरोडी येथे शंभर वर्षांहून अधिक काळ मँगनीजच्या खाणी चालू आहेत आणि खडक फोडण्यासाठी तेथे सुरुंग लागतात. खाणीत सुरुंग भरण्याचे काम वाटेल त्याच्या हाती देत नाहीत. त्यासाठी परीक्षा देऊन मिळविलेले प्रमाणपत्र लागते, किती नळकांडी घेतली आणि किती परत केली याची वही असते, सुरुंगापूर्वी भोंगा वाजतो आणि माणसे दूर जातात. खाणीत अपघात होत नाहीत असा याचा अर्थ नव्हे. एकाच जिल्ह्यात खडक फोडण्यासाठी दारू हाताळणाऱ्याला शिकलेला माणूस समजतात आणि आवाज काढण्यासाठी दारू हाताळणाऱ्याला रोजंदारीचा मजूर, हा भेद मात्र मला बोचतो.

कानाचे काय होते, हेही सांगावयास हवे. कारण आवाजाच्या मोजणीबद्दल सुशिक्षितांतही पुष्कळ गैरसमज आहेत. डेसिबल हे माप पट्टीच्या इंचासारखे सरळ चालत नाही. दहा डेसिबलने वाढ म्हणजे ध्वनिशक्तीत दहापट वाढ. ऑक्टोबर १९९९ मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार, फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल (किंवा क्षणिक शिखर मोजले तर १४५ डेसिबल) यांहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांचे उत्पादन, विक्री व वापर यांस मनाई आहे. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; म्हणजे ४ मीटरवरचे १२५ डेसिबल ८ मीटरवर ११९ आणि १६ मीटरवर ११३ होतील. हा हिशेब मैदानाचा आहे. दोन्ही बाजूंस पक्की घरे असलेल्या गल्लीत भिंतींवरून आवाज परत येतो आणि तो इतका उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी प्रौढांना १४० डेसिबल आणि मुलांना १२० डेसिबल ही शिखराची मर्यादा सुचविलेली आहे. याचाच अर्थ असा, की कायद्याच्या मर्यादेत राहणारा फटाकाही चार मीटरवर उभ्या असलेल्या मुलाच्या कानाला सोसणारा नाही. आपल्या अंतःकर्णात सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. धक्क्याने त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाज काही सहस्रांश सेकंदच टिकतो, त्यामुळे कान झाकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया होईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते.

फटाक्यांच्या माळेसाठी अधिसूचनेत निराळे सूत्र आहे आणि गणिताच्या विद्यार्थ्यांना ते आवडेल. माळेत जितके फटाके असतील त्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगरिदम घ्यावा, त्याला पाचाने गुणावे आणि ते उत्तर मर्यादेतून वजा करावे. हजाराच्या माळेचा लॉगरिदम ३. म्हणून त्यातील प्रत्येक फटाक्याचा आवाज १२५ ऐवजी ११० डेसिबलच्या आत हवा. पुढे २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळांच्या उत्पादनावर व विक्रीवरच बंदी घातली, तेव्हा हे सूत्र बहुतांशी पुस्तकात राहिले. त्याआधी १८ जुलै २००५ च्या निर्णयात त्याच न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत मोठ्या आवाजाचे फटाके उडविण्यास मनाई केली होती. त्या निकालाच्या मुळाशी केवळ झोपमोडीची तक्रार नव्हती. ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटात एका अत्याचारग्रस्त मुलीच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत, या घटनेने व्यथित झालेल्या एका नागरिकाचा तो अर्ज होता.

ही सारी मोजणी फटाका फुटतो तेथून चार मीटरवर, फुटल्यानंतर केली जाते. तो बांधला जातो त्या जागेची चौकशी मात्र बहुधा दुर्घटनेनंतर होते. खैरी ही एकटी घटना नव्हे. सांगली जिल्ह्यातील कवठेएकंद येथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे होणारे दारूकाम महाराष्ट्रात नावाजलेले आहे. त्याच गावी २०१५ च्या मे महिन्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. ५ सप्टेंबर २०१२ रोजी शिवकाशीजवळ अशीच मोठी दुर्घटना झाली. आपल्या राज्यात ६ फेब्रुवारी २०२४ रोजी हरद्याला कारखाना उडाला; दहाहून अधिक मृत आणि दोनशेच्या आसपास जखमी झाले. वर्षभरानंतर, १ एप्रिल २०२५ रोजी, गुजरातेतील डीसा येथे अशाच स्फोटात एकवीस जण दगावले. ते मध्य प्रदेशातील हरदा व देवास जिल्ह्यांतून कामासाठी गेलेले मजूर आणि त्यांची कुटुंबे होती. हरद्यातील स्फोटानंतरही हरद्याची माणसे याच कामासाठी परराज्यात गेली. कसबी हातांना दुसरे काम मिळाले नाही, याखेरीज त्याचा काय अर्थ लावावा?

'हरित फटाका' हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. तो नागपूरच्याच 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संशोधनातून २०१९ च्या सुमारास बाजारात आला. त्यात बेरियमची लवणे टाळलेली असतात, ॲल्युमिनियम कमी केलेले असते आणि काही प्रकारांत जळताना पाण्याची वाफ सुटून धूळ बसावी अशी योजना असते. धुराचे कण सुमारे तीस टक्क्यांनी घटतात, असे संस्थेचे म्हणणे आहे. खोक्यावर ठरावीक चिन्ह आणि चौकोनी ठिपक्यांची सांकेतिक खूण असते. ती नसेल तर दुकानदाराने काहीही सांगितले तरी माल हरित समजू नये. ही सुधारणा मी स्वागतार्हच मानतो. परंतु ती धुराची सुधारणा आहे. हरित झाला तरी मोठा आवाज हवा असेल तर आवरण चिवटच लागते आणि ते बांधायला कुणीतरी बसावेच लागते.

फटाके महागले किंवा त्यांवर निर्बंध आले, की आवाजाची हौस दुसरी वाट काढते. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात प्लास्टिकच्या नळीची 'कार्बाइड गन' रस्तोरस्ती विकली गेली आणि भोपाळ, विदिशा या भागांत शंभराहून अधिक जणांचे डोळे दुखावले. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. हिचे रसायनशास्त्र नववीच्या मुलालाही समजेल. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. वेल्डिंगच्या दुकानात जळतो तोच. तो हवेत मिसळला आणि ठिणगी मिळाली की धडाका होतो. खेळण्याचा दोष असा, की नळीत किती वायू साठला हे बाहेरून दिसत नाही. ठिणगी पाडूनही आवाज झाला नाही, म्हणजे मूल साहजिकच नळीच्या तोंडाशी डोळा नेऊन आत पाहते, आणि त्याच क्षणी ती उडते. आगीच्या झळेखेरीज आणखी एक गोष्ट तिच्यातून बाहेर येते. कार्बाइड व पाणी यांच्या क्रियेनंतर उरतो तो चुना, पानाला लावतात त्याच जातीचा, परंतु ताजा, तापलेला आणि वेगाने डोळ्यात शिरणारा. आम्लापेक्षा अल्कली डोळ्याला अधिक घातक असते, कारण ते बुबुळावरच्या पडद्यात खोल मुरत जाते. असा प्रसंग आलाच तर डोळा चोळू देऊ नये, दिसणारे कण स्वच्छ ओल्या बोळ्याने काढावेत, भरपूर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच नेत्रवैद्याकडे न्यावे. हळद, तूप, गुलाबपाणी यांपैकी काहीही घालू नये.